आर्णीच्या शाळेतली नवी फरशी

यवतमाळहून आर्णीच्या एसटीत बसले, तेव्हा यादीतल्या सगळ्या वस्तूंवर खुणा झाल्या होत्या: थर्मास, चादरी, विम्याचे कागद. मावसबहीण सुनंदाच्या टाचेचे सोमवारी नागपूरला ऑपरेशन होते आणि मी सोबतीला निघाले होते. बाहेर कपाशी फुटली होती.

स्टँडवर ती लंगडतच आली. "सकाळी पाय खाली टेकवला का जीव जाते ताई. चार पावलं चाललं का कमी होते, मंग शाळा सुटेपर्यंत पुन्हा तेच."

जेवायला भाकरी आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी होती. सुनंदा उभ्यानेच वाढत होती.

शनिवारी सकाळी ती शिकवते ती शाळा पाहायला गेले. वर्गाबाहेर चपलांची रांग, आत दिवाळीनंतर बसवलेली गुळगुळीत फरशी आणि तिच्यावर सुनंदा अनवाणी उभी.

"रोज अशीच?"

"पोरं चपला काढते, मंग बाईनं कायले घालाव्या?"

"डॉक्टरांना हे सांगितलंस?"

"त्यायनं विचारलंच नाही. एक्स-रे पाह्यला, म्हणे हाड वाढलं."

माझे डोके फिरले. शाळा सुटताच तिला यवतमाळला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेले. त्यांनी टाच दाबून पाहिली आणि दिवसभराचा क्रम विचारला. कडक फरशीवर दिवसभर अनवाणी उभे राहून तळव्याखालचा जाड पट्टा ताणला गेला होता. वाढलेले हाड टाच न दुखणाऱ्यांच्याही एक्स-रेत दिसते, असे त्या म्हणाल्या. ऑपरेशनची वेळ क्वचितच येते. मी वहीत उतरवले: घरातही मऊ तळाची चप्पल. अंथरुणातच पंजा अंगाकडे ओढायचा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. जमेल तितके बसून शिकवायचे. काही महिने धीर धरायचा.

परतताना सुनंदाने बसमधूनच फोन करून तारीख रद्द केली.

सोमवारी शाळेत मुख्याध्यापकांनी सुनंदाच्या पायातल्या नव्या चपलांकडे पाहिले. "बाई, पोरायले काय सांगू मी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुनंदाच बोलली. "सर, आज मी पाय कापून घेणार होती. ह्या चपला वर्गातच ठेवीन, बाहेर नेणार नाही."

सर फरशीकडे बघून म्हणाले, "पुसून घाला मंग."

परतीच्या बसमध्ये माझा राग काही उतरेना. टाचेवर सुरी चालवायला तारीख मिळाली होती. दिवसभर कुठे उभ्या असता, एवढे विचारायला मात्र कुणाला वेळ मिळाला नव्हता. दुखणे आजही आहे, लगेच जाणारही नाही.

यवतमाळ यायच्या आत फोन वाजला.

"हजेरी घेऊन राह्यली ताई," सुनंदा म्हणाली. "खुर्चीवर बसून."