तेवीस मॅनेजरांचं दुकान

बस स्टँडच्या मागच्या गल्लीत नळ, पाइप, खिळे, कुलपं आणि रंगाचे डबे विकणारं एक दुकान होतं. रुंदी नऊ फूट. आत खुर्ची एकच, आणि तीही मालकांची. एवढ्याशा या दुकानाला गेल्या चौदा वर्षांत तेवीस मॅनेजर लाभले. त्यांतल्या एकालाही नट आणि वॉशर यांतला फरक सांगता आला नसता.

हे मॅनेजर कागदावर जन्माला येत. शहराच्या टोकाला विद्यापीठ होतं आणि तिथे एम.बी.ए.ला प्रवेश हवा असेल तर माहितीपुस्तिकेच्या नवव्या पानावरच्या अटी पुऱ्या कराव्या लागत. पदवीला पन्नास टक्के, ‘माझे ध्येय’ या विषयावर पाचशे शब्द आणि जबाबदारीच्या पदावरचा अनुभव. टक्के ज्याचे त्याने आणायचे. ध्येय झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळे. राहिला अनुभव, तो मिळे मामांकडे.

मामा म्हणजे दुकानाचे मालक. सख्खा भाचा एकच, पण अनुभवाचं पत्र हवं असलेला प्रत्येक पोरगा त्यांना ‘मामा’ म्हणे आणि मामा लोण्यासारखे विरघळत. शेजाऱ्यांचा मुलगा, साडूच्या साहेबांचा मुलगा, दाताच्या डॉक्टरांचा मुलगा, कुणालाही नाही म्हणायचं नाही. “पोराचं भलं होत असेल तर आपल्या बापाचं काय जातं?” असं म्हणत ते सही ठोकत. वाचायचा प्रश्नच नव्हता. चष्मा कायम घरी.

सही मामांची, बाकी सगळी कारागिरी ताईंची. ताई म्हणजे दुकानातल्या एकमेव नोकर, बी.कॉम. झालेल्या. लग्नानंतर सहा महिन्यांसाठी म्हणून काउंटरवर उभ्या राहिल्या आणि चौदा वर्षं उभ्याच राहिल्या. माल मागवणं, उतरवून घेणं, प्लंबरांशी हुज्जत घालणं, हे सगळं करता करता त्या मागच्या टेबलावर पत्रं टाइप करत. ‘बारा जणांच्या चमूचे समर्थ नेतृत्व केले.’ बारा जण उभे राहिले असते तर निम्मे रस्त्यावर आले असते, पण विद्यापीठाने कधी पट्टी घेऊन दुकान मोजलं नाही. खातरजमेसाठी फोन तेवढा येई. तोही ताईच उचलत आणि आवाज जरा जाड करून सांगत, “हो हो, फार कर्तबगार मुलगा. त्याच्यावाचून आमचं पान हलत नसे.” मागे प्लंबर तोंडात रुमाल कोंबून हसत.

ताईंनाही त्यात मजा वाटे, खोटं कशाला बोला. आपण लिहिलेला मुलगा दोन वर्षांनी टाय लावून समोरून गेला की त्यांना आपण मातीचा गणपती घडवल्यासारखं वाटे. मग एक दिवस मामांनी मोठ्या रस्त्यावर दुसरं दुकान घेतलं.

तिथे काचेचं दार होतं, आणि दाराआड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक फिरती खुर्ची. मॅनेजरची. ताईंनी ती पाहिली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपले पाय दुखतात हे जाणवलं.

मामा म्हणाले, “भाच्याला बसवावं म्हणतो. एम.बी.ए. होऊन दोन वर्षं घरीच आहे. योग्य संधीची वाट बघतोय म्हणे.”

भाचा म्हणजे मॅनेजर क्रमांक एकोणीस.

“आणि मी, मामा?”

“तू? अगं, तुझ्यावाचून हे दुकान कसं चालणार! आणि तिथे डिग्रीवालाच हवा. नाहीतर असं कर, तूही घे प्रवेश त्या एम.बी.ए.च्या संध्याकाळच्या वर्गाला. महिनाअखेरपर्यंत मिळाला तर खुर्ची तुझी!” काउंटरवरचे चारही प्लंबर हसले. मामाही हसले. पण मामांचा एक गुण होता. प्लंबरांसमोर दिलेला शब्द ते मोडत नसत, कारण निम्मं दुकान त्या प्लंबरांवर चालत होतं.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी माहितीपुस्तिका आणली. संध्याकाळच्या वर्गाला पाच वर्षांचा अनुभव लागत होता. दुसऱ्यांसाठी दहा मिनिटांत पत्र पाडणाऱ्या ताईंना स्वतःच्या पत्राला तीन दुपारी लागल्या. ‘मॅनेजर’ शब्द दोनदा लिहून खोडला. खऱ्यासाठी हात का अडखळावा, याचाच त्यांना संताप येत होता. शेवटी लिहिला. मामांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.

घरी सातवीतली लेक मटार सोलता सोलता मुलाखतीची तयारी करून घेई. “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?”

“बसलेली,” ताई म्हणाल्या. लेक हसली, पण आईचा चेहरा पाहून पुन्हा शेंगांकडे वळली.

मुलाखतीच्या खोलीत दोघंच होते. विभागप्रमुख बाईंसमोर नियमांची जाड फाइल होती आणि शेजारी कडक इस्त्रीतले एक तरुण सर. त्यांनी ताईंचा अर्ज उघडला, दुकानाचं लेटरहेड पाहिलं, एकदा वर बघितलं आणि मान खाली घातली ती घातलीच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. ताईंनीही त्यांना ओळखलं. क्रमांक सात. प्रादेशिक विक्री प्रमुख, तीन वर्षं, विक्रीत चाळीस टक्के वाढ. ते चाळीस टक्के ताईंनी पाइप मोजता मोजता सुचेल तसे लिहिले होते.

“अनुभवाची खातरजमा करून घेऊ,” विभागप्रमुख बाई म्हणाल्या आणि टेबलावरच्या फोनवरून दुकानाचा नंबर लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं. घंटा वाजू लागली. दुकानात फोन उचलणारी बाई तर इथे बसली होती.

बऱ्याच वेळाने मामांचा आवाज आला. “कोण? मॅनेजर? इथे कुणी मॅनेजर-बिनेजर नाही हो! नंतर करा फोन. आमची बाई बाहेर गेलीय, मला इथे पाइपाचा पाऊण इंची एल्बो सापडेना, गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय, टेम्पोवाला माल कुठे उतरवू म्हणून ओरडतोय. तिला येऊ द्या, सगळं तिलाच माहीत!” फोन खाडकन बंद झाला.

“म्हणजे मॅनेजर नाहीत,” विभागप्रमुख बाईंनी लिहून घेतलं.

इस्त्रीवाल्या सरांचा जीव भांड्यात पडला. “नियम तो नियम,” ते अर्जाकडे बघत म्हणाले. “अनुभव सिद्ध होत नाही. वाईट वाटतं, पण संस्थेचा दर्जा राखायला हवा.”

ताईंना मामांचा राग आला नाही. दुकानाच्या त्या फोनवरून विद्यापीठाला पहिल्यांदाच खरं ऐकू आलं होतं. राग आला तो स्वतःचा. तेवीस जणांसाठी खोटं बोलताना जीभ कशी लोण्यातून सुरी फिरावी तशी चालली, आणि आपल्या खऱ्याच्या वेळी फोनवर कुणी नाही. त्या उठल्या. मग दर्जा हा शब्द त्यांच्या डोक्यात जाऊन बसला आणि त्या पुन्हा खाली बसल्या.

“मॅडम, माहितीपुस्तिकेचं नववं पान बघता का? खातरजमा मालकाकडून किंवा त्या संस्थेतल्या आजी-माजी वरिष्ठ अधिकाऱ्याकडून, असं आहे ना?”

बाईंनी फाइलमधली पुस्तिका उलटली. “हो, आहे.”

“मग हे सर आहेत की. आमच्याकडे तीन वर्षं प्रादेशिक विक्री प्रमुख होते. त्यांच्या पत्राची प्रत आहे माझ्याकडे. मी सगळ्यांच्या ठेवते.” ताईंनी पिशवीवर नुसता हात ठेवला. “कागदाप्रमाणे मी यांच्याच हाताखाली होते. सर, तुम्हीच सांगा मॅडमना, मी काम करत होते का?”

“अगंबाई, खरंच?” विभागप्रमुख बाईंचा चेहरा उजळला. “सर, आधी बोलला नाहीत?”

सरांच्या इस्त्रीला घाम फुटला. नाही म्हणावं तर आपलं पत्र उघडं पडतं, हो म्हणावं तर आपलं बिंग ठाऊक असलेली ही बाई रोज आपल्याच वर्गात बसते. इकडे आड, तिकडे विहीर. ते घोटभर पाणी प्यायले. मग त्यांनी पेन काढलं आणि फॉर्मवर लिहिलं, ‘सदर अर्जदाराचे काम मी प्रत्यक्ष पाहिले आहे. त्या उत्तम मॅनेजर आहेत.’

आणि गंमत अशी, की ते अक्षरशः खरं होतं. पत्र न्यायला आले तेव्हा ते दुकानात दहा मिनिटं रंगाच्या डब्यावर बसले होते. तेवढ्यात ताईंनी टेम्पो रिकामा करवला, फोनवर एका व्यापाऱ्याला फुटका माल परत न्यायला लावला, प्लंबरने चुकीचा मागितलेला नळ न विचारता बदलून दिला आणि मधल्या वेळात यांना प्रादेशिक प्रमुख केलं. सरांनी हे सगळं तोंड उघडं टाकून बघितलं होतं. सही करताना त्यांना ते आठवलं असावं, कारण त्यांनी पहिल्यांदाच ताईंच्या डोळ्यांत बघितलं.

ताई प्रवेशाचा कागद घेऊन दुकानात आल्या, तेव्हा काउंटरवर एल्बोंची रास पडली होती आणि मामा घामाघूम. चारही प्लंबर होते. ताईंनी पाऊण इंची एल्बो खालच्या खणातून काढून गिऱ्हाइकाला दिला आणि कागद मामांपुढे ठेवला. मामांकडे चष्मा नव्हता, म्हणून एका प्लंबरने तो मोठ्याने वाचला. कुणी हसलं नाही.

मामांनी खुर्चीचा हात चोळला. “शब्द दिला म्हणजे दिला,” ते म्हणाले. “पण भाच्याला काय सांगू? सोमवारी ये म्हटलंय त्याला.”

“येऊ दे की. इथे काउंटरवर माणूस लागणारच आता.” ताई हात पुसत म्हणाल्या. “अडचण काय? तीन वर्षांचा अनुभव आहे त्याला. मीच लिहिलंय.”