औटकी पाठ नसलेली शाळा

मौलाली मणेर मास्तर झाला तो पाठांतराच्या जोरावर. त्याचा बाप चमन हा बांगड्या विकत पन्हाळ्याखालची गावं हिंडायचा. पोराच्या तोंडात मात्र पावकी, निमकी, दिडकी हे पाव, अर्ध्या, दीडचे पाढे असे बसले होते की झोपेतून उठवून विचारलं तरी अडखळायचा नाही. औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, तर तो उलटासुद्धा म्हणायचा. कोडोलीपलीकडच्या एका खेड्यात शाळा निघाली तेव्हा गावानं त्यालाच मास्तर केला. तिन्हीसांजेला पोरांचा पाढ्यांचा परवचा सुरू झाला की आवाज चावडीपर्यंत जायचा आणि आकाराम पाटील मान डोलावून म्हणायचे, "शाळा चाललीया की झोकात!" शाळा चालते की नाही हे गाव कानानंच ठरवायचं.

पुढं दरबारानं शिक्षण सक्तीचं केलं, शाळा वाढल्या, आणि मौलालीला कोल्हापुरातून परीक्षेचं बोलावणं आलं. पास झाला तर नोकरी कायम. नाही तर दुसरा मास्तर मिळेपर्यंतच. मौलालीनं ठेवणीतला फेटा बांधला. आपल्याला कोण नापास करतो, अशी ऐट होती.

प्रश्न साधाच होता. अर्धा आणि एक तृतीयांश मिळून किती? तृतीयांश! पाव होता, पाऊण होता, सव्वा, दीड, अडीच होते. पण त्याच्या एकाही पाढ्यात तिसरा हिस्सा नव्हताच. मौलालीनं वरच्या अंशात अंश मिळवला, खालच्या छेदात छेद, आणि ठासून लिहिलं, दोन पंचमांश.

परीक्षकानं त्याला पुढं बोलावलं. "मास्तर, अर्ध्यात आणखी काही घातलं आणि ते अर्ध्याहून कमी झालं? घरी वाटणी अशीच करता वाटतं?" सगळी खोली हसली. मौलालीच्या कानशिलात आग पेटली. कारण उत्तर चुकलंय हे त्याला त्या क्षणी दिसलं, पण बरोबर काय ते काही केल्या दिसेना.

परतताना तो पंचगंगेच्या घाटावर बसला. ओली माती थापून त्यानं भाकरी केली. दोन हिस्से केले, मोडले. तीन केले, मोडले. सहा केले तेव्हा अर्धाही बसला, तिसरा हिस्साही बसला. अर्ध्याचे तीन तुकडे, तिसऱ्या हिश्श्याचे दोन. सहातले पाच! एवढंच होतं ते. मौलालीला आनंद व्हायला हवा होता, झाला संताप. इतकी वर्षं तोंड चाललं आणि डोकं नुसतं बसून राहिलं. पोरांचंही आपण तेच केलं.

गावात आल्यावर त्यानं परवचा आवरता घेतला आणि पोरांना मातीच्या भाकऱ्या थापायला लावल्या. पोरं कापायची, जुळवायची, हुज्जत घालायची. पाटलांच्या चुलत्याची नात तानी तर असे हिस्से पाडायची की मौलाली बघतच राहायचा. पण मातीचा आवाज चावडीपर्यंत जात नाही.

"मास्तर, पोरं शाळंला धाडली का चिखलात?" पाटलांनी एक दिवस विचारलंच. "औटकी ऐकू येत न्हाई ती?"

"समजून घ्यायल्यात, पाटील. जरा दम धरा."

"समजायचं मोठं झाल्याव समजंल की! आदी पाठ व्हाया नगं?"

तपासणीला साहेब आले तेव्हा निम्मा गाव शाळेच्या दारात उभा होता. साहेबांनी तानीला उभं केलं. "तेरा औटं?"

तानीनं बोटं पुढं धरली. मग हळूहळू बोलायला लागली, "तेरा त्रिक एकुणचाळीस. तेराचं निम्मं साडेसा. म्हंजी... साडेपंचेचाळीस."

मौलालीचा ऊर भरून आला. साहेबांनी मान हलवली. "उत्तर बरोबर. पण पाठ नाही." आणि गावाकडे वळून म्हणाले, "मास्तर मुळात नापास, पोरं अशी असणारच."

त्या 'पण'नं मौलालीचा निकाल लागला. पाठ होतं तेव्हा समजत नाही म्हणून नापास, आणि समजायला लागलं तेव्हा पाठ नाही म्हणून घरी! पाटलांनी दुसऱ्या मास्तरासाठी अर्ज केला. तो मिळालाही लगेच. छडी चालवण्यात त्याचं नाव होतं.

मौलाली सामान आवरत होता तेव्हा तानी दारात आली. डोळे रडून सुजलेले. "मास्तर, माज्यामुळं झालं न्हवं? माजं काय चुकलं?"

काही चुकलं नाही, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. मग त्याला नवा मास्तर दिसला, त्याची छडी दिसली, आणि "हिच्या डोक्यात काय शिरत न्हाई, घरी बसू दे" म्हणणारी माणसंही दिसली. पोर शाळेत टिकायला हवी होती.

"चुकलं, पोरी," तो म्हणाला. "इचार करत बसलीस, त्ये चुकलं. औटकी घोकून पाठ कर. इचारलं की धाडकन सांगायचं."

तानीनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. तिचा मास्तरवर विश्वास होता. तिनं मान डोलावली.