वजीर कोणाला द्यायचा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी शब्बीरचाचांचं नाव घेतो. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, मामांनी कॉलेजसाठी जुन्नरला ठेवून घेतलं, हे खरंच. पण माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहून "हे काम तुझं न्हाई" असं मला पहिल्यांदा चाचांनी सांगितलं, आणि तिथून मी मार्गी लागलो.

जुन्नरच्या बाजारपेठेत चाचांचं ड्रेपरीचं दुकान होतं. यात्रेतली नाटकं, शाळांची गॅदरिंग, गणपतीचे देखावे, या सगळ्यांना लागणारे अंगरखे, मुकुट, तलवारी, दाढ्यामिश्या तिथे भाड्याने मिळत. नटांची तोंडं रंगवायला चाचा स्वतः पेटी घेऊन जात. सामान हातात देताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: "जसं नेताय तसं परत आणायचं, राव." मुकुटाला तेच आणि मिशीलाही तेच.

पण पंचक्रोशीत त्यांची ख्याती होती ती वेगळ्याच कारणासाठी. दुष्टाचा पोशाख ते वाटेल त्याला देत नसत. आधी विचारत, "कोण करतोय?" नाव पटलं नाही तर पोशाख दोरीवरून खाली येत नसे. लोक वैतागत. "चाचा, तुमाला भाड्याशी मतलब." चाचा सुईत दोरा ओवता ओवता म्हणत, "गावाचा ज्याच्यावर जीव हाय त्याला दुष्ट करा. लोक रातभर शिव्या देत्याल आन् सकाळी त्यालाच चहा पाजत्याल. पण ज्याच्याकडं गाव आधीच वाकडं बघतंय, त्याला ही मिशी लावली तर ती उतरत न्हाई. मी उतरवायला गेलो तरी न्हाई."

माझ्या वर्गात तळेघरकडचा एक मित्र होता. त्याच्या वाडीत एकदा राक्षसाचं काम एका घरजावयाला दिलेलं होतं. कोणाची शेळी हरवली की गाव त्याच्याच दाराकडे बघायचं, असा तो माणूस. एसटी जिथे थांबली तिथून पुढे चाचा डोक्यावर पेटी घेऊन डोंगर चढत गेले. मागणी निरोपाने आलेली, त्यामुळे वाडीत पोचल्यावरच त्यांना हे कळलं. ते पेटीवर बसले ते उठेनात. पडदा बांधलेला, माणसं घोंगड्या टाकून बसलेली, आणि पेटी बंद. शेवटी वाडीचा लाडका पोस्टमन राक्षस झाला आणि घरजावयाला चाचांनी राजामागे चवरी ढाळायला उभं केलं. "त्या दिवसापासनं त्याला सगळे महाराजांचा माणूस म्हंत्यात," मित्र सांगायचा.

आता माझं. माझ्या डाव्या गालावर भाजल्याची मोठी खूण आहे. रांगत्या वयात चुलीवरून उतरवलेल्या पाण्यात पडलो होतो. आमच्या गावच्या, निरगुडसरच्या शाळेत दरवर्षी राक्षस मीच. "याला रंगवायचा खर्च न्हाई," असं मास्तर कौतुकाने म्हणायचे आणि मीही हसायचो. कॉलेजात आल्यावर गॅदरिंगला मुलांनी ठरवलं की टीव्हीवरचं एक कार्टून खऱ्या माणसांनी करायचं. त्यात किल्ल्याचं पाणी अडवून ठेवणारे तीन दुष्ट होते: वाळक्या अंगाची राणी, ढोल्या सेनापती आणि अर्धं तोंड भाजलेला वजीर. वजीर कोण, यावर चर्चाही झाली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि वजिराचा झगा आणायला मलाच चाचांकडे पाठवलं.

"कोण करतोय?" चाचांनी विचारलं.

"मीच."

त्यांनी चष्मा वर सारला. माझ्या गालावरून नजर चोरली नाही, रेंगाळवलीही नाही. "तू न्हाई," म्हणाले.

"पण चाचा, वजीर भाजकाच आहे. कार्टूनमध्ये तसाच दाखवलाय."

"कार्टून काढणाऱ्याला तुझं तोंड ठावं न्हवतं. मला ठावं हाय." मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "बस. आज बाजार हाय. समोरनं सगळी दुनिया जातीय. तूच सांग, तुझे तिघं दुष्ट कोण?"

तो आमचा खेळ त्या दिवशी सुरू झाला. मी आधी एका तांबारल्या डोळ्यांच्या, आडदांड माणसाकडे बोट दाखवलं. चाचा म्हणाले, "तो? त्याला बघून पोरं आधीच पळत्याल. मग वजिरानं करायचं काय?" मी पुन्हा पाहू लागलो. वाटाण्याच्या ढिगामागे बसलेली एक मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाला मूठभर जास्त टाकत होती. ती राणी. सेनापती म्हणून मी ज्यांच्या औषधापेक्षा गप्पांनीच माणूस बरा होतो त्या डॉक्टरांना निवडलं. ते नेमके तिथूनच जात होते.

"डॉक्टर," चाचांनी हाक मारली, "हा पोरगा तुमाला सेनापती करतोय. पाणी तोडायचं हाय."

"बायको आधीच म्हणते मी दुष्ट आहे," डॉक्टर म्हणाले. "पगार काय देणार?"

"भजी."

"मग तोडतो पाणी."

संध्याकाळ होईपर्यंत मी माणसांकडे पाहत होतो. त्या दिवसापर्यंत माणसं माझ्याकडे पाहायची आणि मी मान खाली घालायचो. त्या स्टुलावर बसून मला कळलं की मलाही डोळे आहेत, आणि ते बरे चालतात.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात सांगून टाकलं की वजीर मी करणार नाही, नाटक बसवणार. वजिराचं काम मी ग्रंथालयातल्या भाऊंना दिलं. उशिरा पुस्तक आणणाऱ्याला "पुढच्या वेळी लक्षात ठेव हं, बाळा," एवढंच म्हणणारा हा माणूस. त्याच सुरात त्यांनी रंगमंचावर "पाणी उद्या सोडतो हं, बाळांनो," म्हटलं आणि पहिली रांग दचकून मागे सरकली. मग जे हसू फुटलं ते थांबेना.

मी विंगेत उभा होतो, चाचा माझ्या शेजारी. त्या कार्टूनात किल्ल्याचा एक म्हातारा पहारेकरी होता. हातात कंदील घेऊन तो शेवटी मुलांना वेस उघडून देतो आणि एकच वाक्य बोलतो: "या, पोरांनो, दार उघडं हाय." ते वाक्य आलं तेव्हा चाचांचे ओठ हलताना मला दिसले. आवाज नव्हता. दुसऱ्यांची तोंडं रंगवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस स्वतः कधीच उजेडात उभा राहिला नव्हता.

नाटकात कधी काम का केलं नाही, असं मी त्यांना एकदा विचारलंही. ते म्हणाले, "एका गावानं आग्रह केला व्हता. ऐतिहासिक नाटक व्हतं. शत्रूचा सरदार तुमीच करा म्हणाले, दाढी खरीच हाय, चिकटवायला नको." ते हसले. "बाकीच्यांच्या दाढ्या मी नाटक संपलं की काढतो, भाऊ. माझी कोण काढणार?" त्या वेळी मीही हसलो. माझ्या मास्तरांचं वाक्य आणि त्या गावाचं वाक्य एकच होतं, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं.

मी पदवीधर झालो, घरातला पहिला. पुण्यात नाटकांची कामं करत मुंबईला पोचलो. आज चित्रपटांसाठी माणसं निवडणं हा माझा व्यवसाय आहे. जुन्नरचं दुकान आता बंद आहे. पोशाख घरपोच येतात आणि यात्रेत नाटकाऐवजी साउंड सिस्टीम लागते. चाचा घरी असतात. आठवड्यातून एकदा आमचा फोन होतो आणि बातम्यांमधल्या माणसांना कामं वाटून घेण्याचा खेळ अजून चालू आहे.

यंदा तेच कार्टून खऱ्या माणसांना घेऊन करायचं एका कंपनीने ठरवलं. दुष्ट निवडायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच बैठकीत भाजक्या, काळ्या, एकडोळ्या चेहऱ्यांचे फोटो पडद्यावर लागले. एका मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि घाईने लॅपटॉपमध्ये मान घातली. मी म्हणालो, "वजिराचं तोंड भाजलेलं नसेल. असेल तर हे काम मी करणार नाही." मग मी एका नटाचं नाव सुचवलं. मालिकांतून तो घराघरांतल्या आज्यांचा लाडका नातू झालेला आहे. दिग्दर्शक साशंक होते. चाचणीत त्या नटाने गोड हसून "पाणी उद्या सोडतो हं, बाळांनो," म्हटलं. दिग्दर्शकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं, आणि वजीर ठरला.

राणी आणि सेनापतीही तसेच ठरले. उरला होता पहारेकरी. फोनवर चाचा सगळं थट्टेवारी नेतात, म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं:

"आदरणीय चाचा, सलाम.

आपले तिन्ही दुष्ट जमले. तिघांवरही लोकांचा जीव आहे, तेव्हा तुम्ही झगे दिले असते याची मला खात्री आहे. जुन्नरच्या बाजारापुरतं नाटक असतं तर तुमच्याच नियमाने वजीर तुम्हाला द्यावा लागला असता. तिथे तुमच्याहून लाडकं कोणी नाही. पण हा चित्रपट जिथे जाईल तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही, आणि तिथली मिशी उतरवायला तुम्ही किंवा मी पोचू शकणार नाही.

म्हणून वेशीवरचा पहारेकरी तुमच्यासाठी ठेवला आहे. एकच वाक्य आहे आणि ते तुम्हाला पाठ आहे. विंगेत तुमचे ओठ हलताना मी पाहिले होते. या वेळी आवाज काढायचा. दिग्दर्शकांना मी तुमचा ओझरच्या देवळासमोर काढलेला फोटो दाखवला. ते म्हणाले, मुलं या माणसाच्या मागे कुठेही जातील.

न्यायला मी स्वतः येतो. पेटी आणू नका. रंग लावायचा नाही, दाढी काढायची नाही, चिकटवायचीही नाही. जसे आहात तसे या.

तुमचा,
स्टुलावरचा पोरगा"