एस्तेरताईची सात गीतं

शारजाला, अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आठव्या मजल्यावर उघडायची, पण एस्तेरताई बाहेर पडायची नाही. तिची गाण्याची ओळ चालू असायची ना! एका हातात भाजीच्या पिशव्या, दुसऱ्या हाताचं बोट दार उघडं ठेवायच्या बटणावर, डोळे मिटलेले. मागून बाराव्या मजल्यावरचे मलबारी अंकल ओरडायचे, "मॅडम, यल्ला, चला!" ताई नुसती भुवई उडवायची, ओळ नीट जागेवर नेऊन ठेवायची आणि मगच उतरायची.

पहिल्याच आठवड्यात मी लॉबीत वॉचमनला तिची नक्कल करून दाखवत होतो, तर ही मागेच उभी!

"भुवई चुकली. डावी उडते माझी. कुठला रे तू?"

"श्रीरामपूर."

"मग मी शेजारच्या राहुरीची. चल, कालवण खाऊन जा, नकल्या."

झालं, नावच पडलं.

ताई दुबईच्या एका हॉटेलात सोल म्युझिक गायची. इंग्रजीच गाणी, पण पोटातून काढलेली. एकेका शब्दाला अशा गिरक्या द्यायची की खाणाऱ्याचा चमचा हवेतच राहायचा. नवीन पोरी गायला आल्या की त्यांना सांगायची, "लाजू नका गं. लाज वाटली की आवाज नाकात पळतो."

तिचे पप्पा गावच्या चर्चमध्ये पन्नास वर्षं पेटी वाजवत होते. ताई हॉटेलात लागली तेव्हा ते म्हणाले होते, "तिथं काय गायचं ते गा. देवाचं गाणं त्या आवाजात नको." तेव्हापासून बारा वर्षं फोनवर औषधं, पाऊस, नातीची शाळा, सगळं व्हायचं. गाण्याचं नाव नाही.

एक दिवस ताईनं जाहीर केलं, "लहानपणीची, चर्चमधली सात गीतं रेकॉर्ड करणार. अल्बम पप्पांना पाठवणार. शिव्या देऊ देत, पण ऐकू देत रे मला एकदा."

शुक्रवारी दुपारी नमाज झाला की आम्ही सुरू. बेडरूमच्या खिडक्यांना गाद्या टेकवलेल्या. एसीची घरघर माइकमध्ये येते म्हणून एसी बंद, आणि महिना ऑगस्ट! कीबोर्डवर तिच्या हॉटेलातला फिलिपिनो जोएल, डोक्यावर ओला टॉवेल. ढोलकीवर मी, बनियनवर. असे तीन शुक्रवार आम्ही वाफेवर शिजलो आणि गाणं कच्चंच राहिलं. माइक समोर आला की ताई हात जोडून खांबासारखी उभी राहायची आणि हजेरी घेतल्यासारखी सपाट गायची.

तिची दहा वर्षांची रीना दारातून म्हणाली, "मम्मा, यू साउंड लाइक स्कूल असेंब्ली."

ताई मटकन बसली. "खलास. पप्पा समोर बसलेत असं वाटतं रे. गळाच आखडतो."

समजूत घालणं मला येत नाही. मी उठलो आणि तीच ओळ दोनदा म्हटली. आधी चर्चमधली ताई, इस्त्री केलेली. मग हॉटेलातली ताई, गिरक्यांसकट, डावी भुवई उडवून. जोएल कीबोर्डवर पडून हसला. ताईही हसली.

"मी नाकात गातेय?"

"पार शिंकायच्या बेतात आहेस."

"गाढवा! ऊठ, ढोलकी घे. यल्ला जोएल!"

चप्पल काढून भिरकावली तिनं. आणि मग जे गायली! राहुरीचंच गीत, राहुरीचेच शब्द, पण कडव्याच्या शेवटी आवाज असा उसळायचा की मी ठेका विसरलो. ताईची लाथ बसली. घाम पुसत, नाचत, त्या दुपारी तीन गीतं झाली. पुढच्या शुक्रवारी उरलेली चार.

अल्बम पप्पांना व्हॉट्सॲपवर पाठवला. निळ्या खुणा आल्या. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस, उत्तर नाही. ताईचं मिठाकडे लक्ष राहीना. आम्ही अळणी डाळ निमूट खाल्ली.

चौथ्या दिवशी आम्ही जेवताना फोन वाजला. हात खरकटे म्हणून रीनानं स्पीकर लावला.

"एस्तेर, पाचव्या गीतात तिसरं कडवं गाळलंस."

"हो पप्पा, गाणं लांबत होतं."

"लांबू दे की! देवाला कुठं बस पकडायचीय?" मग पप्पा खोकले. पलीकडे बरीच कुजबुज चालली होती. "आणि ते शेवटी आवाज उसळवतेस, ते काय आहे? चर्चच्या मंडळीतल्या बाया माझं डोकं खातायत. रविवारी तसंच गायचंय म्हणतात."

मी ताईला कोपरानं ढोसलं.

"पप्पा... शिकवू?"

"मग फोन कशाला केला? हळू म्हण. पेटी काढून बसलोय."