काकीच्या वईवरचा शिकरा

शेवंताकाकी माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नसे, हातांकडे बघे. मी खोली बघायला तिच्या घरी गेलो त्या दिवशी ती पंधरा मिनिटं माझ्या हातांशीच बोलली. नाव काय, गाव कुठलं, कॉलेजात काय शिकवता, बायकोला का आणलं नाही, हे सगळे प्रश्न माझ्या बोटांना विचारले गेले. अवघडून मी हात पाठीमागे घेतले, तर म्हणाली, "पुढं ठेवा. तोंडाला खोटं बोलाया शिकवतात, हातांना कोन शिकवत नाय."

खोली मात्र दिली. पोलादपुरात कॉलेजजवळ चांगल्या खोल्या मिळत होत्या, तरी मी महाबळेश्वरच्या रस्त्याला लागून वर चढत जाणाऱ्या त्या वाडीत राहायला गेलो, ते केवळ काकीच्या परसासाठी. घरामागे केळी, शेवगा, कोंबड्यांचं खुराडं आणि टोकाला वईला, म्हणजे कुंपणाला, लागून ऐनाचं एक जुनं झाड. त्या ऐनावर शिकऱ्याची, लहान ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्याची, जोडी होती. पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड मला नोकरी लागल्यापासूनचं. शिकरा रानात ओझरता दिसतो. इथे तो रोज सकाळी आठच्या सुमारास दूधवाल्यासारखा नेमाने यायचा.

काकी साठीच्या घरातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा वसंत मुंबईला, तो गणपतीला आणि शिमग्याला येई. वाडीतली निम्मी घरं तशीच कुलपात. एकटी बाई, चार म्हशी, वीसेक कोंबड्या आणि अख्ख्या जगावर संशय. गॅसची टाकी आली की ती आधी स्वतः उचलून बघे. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या दुसऱ्या दुकानात नेऊन "ह्या कशावरच्या?" म्हणून विचारून येई. लग्नाची पत्रिका आली तरी ती उलटी करून बघे, मागे काही लिहिलंय का म्हणून. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "बघनारा फुकाट बघत नाय. आज डोळा, उद्या हात."

आता अशा बाईच्या परसात मी तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा लावून, वर हिरवं कापड टाकून बसलो. पहिल्याच सकाळी ती म्हशीची धार अर्धवट टाकून आली.

"ह्ये मोजनीचं यंत्र हाय."

"नाही हो काकी, कॅमेरा आहे. शिकऱ्याचे फोटो काढतोय."

"हमरस्त्याला मोजनी केली तवा असंच तीन पायांचं आनलं व्हतं. शिकरा काय आज आला? माझं लगीन झालं तवापासनं येतोय. त्याचा फोटू काढाया कोन नाय आला."

समजूत घालायची म्हणून मी तिला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. शिकऱ्याचा नर वईच्या खुंटावर बसलेला, पायाखाली सरडा, डोळे लालभडक. मला वाटलं, ती हरखेल. तिने पडदा डोळ्याशी नेला आणि शिकऱ्यावरून नजर तशीच पुढे सरकवली. "शिकरा ऱ्हाऊ दे. ह्यात माझी वई आलीय," ती म्हणाली. "वई कुठनं जाते, ऐन कुठं हाय, समदं दिसतंय. ज्याला हद्द सरकवायची त्याला आयतं दावायचं व्हय? पुसा."

तिचा रोख पलीकडच्या परसाकडे होता. ते तिच्या धाकट्या दिराचं, बाळूकाकाचं. कोकणातली वई म्हणजे निरगुडीच्या काठ्या आणि काटेरी फांद्यांचं कुंपण. पावसाळ्यात कुजतं आणि दरसाल नवं घालावं लागतं. नवं घालताना माणसाचा हात पलीकडे थोडा जास्त जातो, हे सगळ्या वाडीला ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. काकी बोलायची. मी बाळूकाकाचा माणूस असावा, असा तिचा जवळजवळ निष्कर्षच निघाला होता.

मग तो रिवाजच पडला. रोज सकाळी नऊला मी पायरीवर बसायचं, एकेक फोटो तिला दाखवायचा, आणि ज्यात वई येईल तो तिच्यासमोर पुसायचा. नुसतं आकाश किंवा पानं असलेले फोटो पास. आठ-दहा दिवस मी इमानाने पुसले. पण तो लाल डोळ्यांचा, सरडा धरलेला नर काही पुन्हा तसा बसेना. मग मी एक युक्ती काढली. परसातून आधी खोलीत जायचं, सगळे फोटो लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे, आणि मग पायरीवर येऊन काकीच्या डोळ्यांसमोर कॅमेऱ्यातले पुसायचे. कोणाचं काय बिघडतंय, असं मी मनाला सांगितलं. काकी रोज पुसलेला पडदा तपासायची आणि चहा द्यायची. तो चहा पिताना पहिले काही दिवस मला लाज वाटली, नंतर वाटेनाशी झाली.

शिकऱ्यावरही तिचा डोळा असायचाच. शिमग्याचा उरलेला गुलाबी रंग ती कोंबडीच्या पिल्लांच्या पाठीला फासायची, म्हणजे शिकरा बिचकतो म्हणे. रंगीत पिल्लं परसभर हिंडायची आणि शिकरा त्यातलंच एखादं उचलायचा. काकी आरडाओरडा करत धावायची, चार शिव्या हासडायची आणि परत येऊन धार काढायला बसायची. एकदा शेजारच्याने गलोल आणून दिली, तर तिने ती चुलीत घातली. "पिल्लं राखायची ह्ये माझं काम, न्यायची ह्ये त्याचं. त्यानं त्याचं केलं." तिचा हा न्याय मला तेव्हा गमतीचा वाटला होता.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ती मोतीबिंदू काढायला महाडला गेली आणि आठ दिवस तिथेच बहिणीकडे राहिली. मीही सुटीत माझ्या गावी होतो. ती परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी आलो, तर काकी काळा चष्मा लावून परसाच्या टोकाला उभी होती. नवी वई घातलेली होती आणि ऐन पलीकडे गेला होता. चांगली तीन हात जागा, ऐन, आणि म्हशींना पाण्यावर न्यायची वाट, सगळं बाळूकाकाच्या बाजूला. जुन्या खुंटांचे खड्डे बुजवून वर पालापाचोळा पसरलेला. बाळूकाकाने लाकडाच्या ठेकेदाराशी ऐनाचं बोलणंही केलं होतं. शिमग्याच्या आत झाड पडणार होतं.

काकी घरोघर गेली. पण जिने आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, तिचा एक खरा संशय कोण मानणार? "वई व्हती तिथंच हाय," बाळूकाका सगळ्यांना हसून सांगे. "वहिनीचा मोतीबिंदू काढला ना, म्हनून जग नवं दिसतंय." लोकही हसत.

शेवटी गावकी बसली, म्हणजे वाडीतले कर्ते लोक संध्याकाळी देवळात जमले. वसंत मुंबईहून येऊ शकला नाही, म्हणून काकीबरोबर मी गेलो. वडीलधाऱ्यांनी विचारलं, "वहिनी, पुरावा काय?"

काकीने विचारणाऱ्यांच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हता. सरांच्या कॅमेऱ्यात व्हता. ऐन अल्याड आनि वई पल्याड, साफ दिसत व्हतं. मीच रोज त्यांच्या मानेवर बसून पुसाया लावला. सरांचा काय दोष नाय. त्यांनी माझ्यासमोर पुसला."

देवळात कोणीतरी खुदकन हसलं. काकीने कधी कोणासमोर स्वतःची चूक कबूल केलेली मी पाहिली नव्हती, आणि आता ती सगळ्या वाडीसमोर करत होती; माझी बाजू राखून करत होती. मला तिथून उठून जावंसं वाटलं. फोटो खोलीत लॅपटॉपवर होते. ते आणले तर काकीची जागा परत येणार आणि माझं वर्षभराचं खोटं उघडं पडणार. मी लगेच उठलो, असं सांगायला मला आवडेल. पण मी उठलो नाही. बाळूकाका "मंग उठायचं का?" म्हणेपर्यंत बसून राहिलो. मग म्हणालो, "थांबा. फोटो आहेत."

लॅपटॉप देवळाच्या पायरीवर ठेवला. लाल डोळ्यांचा नर वईच्या खुंटावर, पायाखाली सरडा, अलीकडे ऐनाचा बुंधा, आणि खाली तारीख. असे एकामागून एक पन्नासेक फोटो. शिकऱ्याकडे कोणी बघितलं नाही, सगळे वई बघत होते. बाळूकाका चपला घालून निघून गेला आणि चार दिवसांत वई जुन्या जागी आली. ठेकेदार परत फिरकला नाही.

घरी येताना काकी पुढे आणि मी मागे. पायरीवर आल्यावर तिने विचारलं, "माझ्यासमोर पुसायचात, तवा आत आधीच काढून ठेवलेले असायचे?"

"हो."

"रोज?"

"रोज. काकी, चुकलं माझं. पण त्यामुळेच तर..."

"त्यामुळं जागा वाचली. त्ये मी मरेपत्तुर इसरनार नाय." ती आत गेली, चहा करून आणला, माझ्यासमोर ठेवला. मग दारातच उभी राहून म्हणाली, "सर, शिकरा माझी पिल्लं नेतो. पन डोळ्यांदेखत नेतो. महिना भरला की दुसरी खोली बघा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. मी पोलादपुरात खोली घेतली. त्या उन्हाळ्यात ऐनावरून दोन पिल्लं उडाली, असं मला वाडीतून कॉलेजात येणाऱ्या एका मुलीने सांगितलं. मी बघायला गेलो नाही. आमचं वैर नव्हतं. बाजारात भेटली की काकी विचारपूस करायची, एकदा तर पिशवीतून अंडी काढून दिली.

गेल्या पावसाळ्यात काकी गेली. वसंतचा फोन आला, "बाराव्याला या सर, आईला बरं वाटेल." गेलो. जेवणं झाल्यावर मी सहज उठून परसाकडे निघालो. ऐनावरून शिकऱ्याची ती दोन सुरांची हाक ऐकू येत होती. वसंत माझ्यामागून आला आणि परसाच्या तोंडाशी मला गाठून घुटमळला.

"काय रे?"

"काय नाय सर. आई येईल त्याला सांगायची, सरांनी माझी जागा राखली, देवमाणूस हाय." तो खाली बघत म्हणाला, "आनि जाताना मला बजावून गेली, सरांना जेवू घाल, मान दे, पन परसात घेऊ नको."

शिकरा पुन्हा ओरडला. मी परसात गेलो नाही.