पिक्चरमधला भोंगा

मंडळी, दर रविवारी घरी पाहिलेल्या सिनेमाला मी इथे पाचपैकी गुण देते. आज देता येत नाहीयेत.

दुपारी जेवणं झाल्यावर मी हट्टाने केमिकल कंपनीतल्या स्फोटाचा सिनेमा लावला. पप्पा डोंबिवलीत तशाच एका कंपनीत बावीस वर्षं काम करतायत. आपल्या कामावरचा सिनेमा त्यांनी एकदा तरी पाहावा, असं मला वाटत होतं.

गॅस सुटतो, भोंगा वाजतो आणि सगळे कामगार पळत सुटतात, या सीनला पप्पा चक्क हसले.

"एका भोंग्याला कसले पळतायत? एक भोंगा जेवणाच्या सुट्टीचा. पळायचं ते तीन भोंग्यांना."

आई म्हणाली, "डायरेक्टरला फोन करून सांगा आता!"

मीही हसले आणि सहज विचारलं, "तुमच्याकडे तीन भोंगे वाजलेत कधी?"

"आमचा बंदच आहे गं बाय, गणपतीच्या आधीपासून. जेवायला घड्याळ बघून उठतो."

मी सिनेमा थांबवला आणि तक्रारीचा अर्ज लिहायला बसले. पप्पांनी कागदच ओढून घेतला.

"अगं, आमच्या खात्यात कुणाची पोर एवढी शिकलीय? असा अर्ज बघितला की लगेच माझंच नाव घेतील."

घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून पेढे वाटले होते त्यांनी.

उद्या सकाळी त्यांची सातची शिफ्ट आहे. कुणाचं शिक्षण, कुणाचं अक्षर काहीच कळणार नाही, अशी तक्रार कुठे करता येते? माहीत असेल तर प्लीज आजच सांगा. मला काहीच सुचत नाहीये.