वळणावर बंद पडणारी गाडी

सरळ रस्त्यावर ती गाडी शहाण्यासारखी चालायची. काल्हेरपासून भिवंडीपर्यंत ट्रकांच्या रांगेत कितीही वेळ उभी राहिली तरी तिची तक्रार नसे. पण राहनाळच्या गल्लीत शिरायला म्हणून आईने स्टिअरिंग पुरतं फिरवलं, की इंजिन एकदा थरथरायचं आणि गप्प व्हायचं. इंजिन गेलं की पावर स्टिअरिंगही गेलं. मग ते चाक जात्याच्या दगडासारखं जड होई. गाडी अर्धी मोठ्या रस्त्यावर, अर्धी गल्लीत, आणि मागे कापडाचे तागे लादलेला टेम्पो. टेम्पोवाल्याचा हात हॉर्नवरून उठत नसे, आणि उठला की त्याचं तोंड उघडत असे.

"ओ मॅडम, घर पे रोटी बनाओ!"

आई पुन्हा चावी फिरवायची, रेस देऊन गाडी कशीबशी आत घ्यायची, उतरायची, आणि फळ्यावर त्या दिवशीचा धडा लिहायला लागायची.

नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. राहनाळच्या भातखाचरांत एकामागून एक गोदामं उभी राहत होती आणि आसपासच्या बायका तिथे माल बांधायच्या कामाला लागल्या होत्या. आई दिवसा भिवंडीच्या शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी या बायकांना लिहायला-वाचायला. गोदामाच्या ओट्यावरच वर्ग भरे. वर्ग सुटेपर्यंत अंधार पडायचा आणि त्या बाजूला एकही रिक्षा यायला तयार नसायची. आधी आईबरोबर शिकवायला येणाऱ्या बाईंनी याच कारणाने येणं सोडलं होतं. गाडी आली म्हणून वर्ग टिकला. गाडी गेली तर वर्गही जाणार, हे आम्हा दोघींना न बोलता ठाऊक होतं. बाबा कल्याणला एका ऑफिसात कारकून होते. ते सायकलच्या पुढे गेले नाहीत.

गाडी मामाची. मामाचं काल्हेरचं शेत गोदामांखाली गेलं आणि शेतकऱ्याचा तो शेठ झाला. स्वतःला नवी गाडी घेतली तेव्हा परदेशी इंजिनाची जुनी पांढरी गाडी त्याने बहिणीला दिली. मन मोठं होतं त्याचं, ते मी नाकारत नाही. पण देणाऱ्याचा एक हात शेवटपर्यंत वस्तूवरच राहतो, तसा त्याचा होता. चावीच्या छल्ल्यात त्याच्या एकवीरा आईचा पितळी बिल्ला होता आणि तो छल्लाही त्याने तसाच ठेवला होता.

आईची गाडी बंद पडते ही बातमी काल्हेरला पोचायला वेळ लागला नाही. गोदामांचे मॅनेजर, ट्रकवाले, सगळे मामाच्या ओळखीचे. एका रविवारी तो आला, चावी घेतली, मला शेजारी बसवलं आणि गावभर फिरवून आणलं. राहनाळच्या त्याच गल्लीतही शिरला. गाडी एकदाही बंद पडली नाही.

परत आल्यावर पंख्याखाली बसून म्हणाला, "बाय, गारीला काय न्हाय झालेलं. तुझा पाय चुकतोय. बाईमाणसाला क्लच कलत न्हाय."

"मला कळतो," आई म्हणाली.

"मंग बंद कशी परते?"

"ते अजून माहीत नाही," आई म्हणाली.

"पुढच्या रविवारी येतो मी," मामा म्हणाला. "गारी नेतो. माझ्या पोराला लागेल. तुला कुठं जायाचं असंल तर ड्रायव्हर पाठवीन, दुपारचा."

वर्ग संध्याकाळचा होता. त्याला माहीत होतं.

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत. आई बायकांच्या संघटनेची पत्रकं लिहायची. सायकलोस्टाइलच्या शाईचा वास मला घरच्या वरणाइतका ओळखीचा. मी वाचायला शिकले तीसुद्धा त्या पत्रकांवर. 'अन्याय' हा शब्द मला 'आंबा'च्या आधी वाचता आला असं बाबा चिडवायचे. त्यामुळे मामा गेल्याबरोबर मी कागद ओढला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'चावी कोणाच्या हातात?' पहिल्याच परिच्छेदात मी जमीनदारी, भांडवल आणि भाऊबीज या तिघांना धारेवर धरलं.

आईने खांद्यावरून वाचलं. "छान आहे. पण गाडी बंद का पडते ते यात कुठे लिहिणार आहेस?"

"ते कशाला लिहायचं?"

"पहिला प्रश्न तोच आहे म्हणून. आपली बाजू खरी असली तरी ती तपासून घ्यावी लागते. चल, खाली चल."

पुढचा तासभर जे झालं ते मला कोणत्याही सभेपेक्षा जास्त आठवतं. आईने गाडी अंगणात काढली आणि न्यूट्रलमध्ये ठेवली. गियर नाही, क्लच नाही, गाडी जागची हलत नाही. नुसतं इंजिन चालू. मग दोन्ही पाय उचलून घेतले आणि साडी सावरून बसली. मला म्हणाली, "माझ्या पायांकडे बघत राहा. नंतर कोणी विचारलं तर सांगायला हवं."

तिने स्टिअरिंग थोडं फिरवलं. इंजिनाचा आवाज खाली गेला. आणखी फिरवलं. बॉनेट थरथरलं. टोकापर्यंत फिरवलं आणि इंजिन मेलं.

"पाय कुठे होते माझे?"

"वर."

पुन्हा चालू केलं. या वेळी उजवा पाय ॲक्सिलरेटरवर हलकाच ठेवला आणि चाक टोकापर्यंत नेलं. काहीच झालं नाही. मग पाय काढला, आणि मेलं.

आई स्टिअरिंगवर हनुवटी टेकून हसायला लागली. "दादाच्या हातात का बंद पडत नाही कळलं का? भिवंडीत वळणावर रेस कोण देत नाही?"

खरंच, रेस न देणारं कोणी नव्हतं. आमच्याकडे वळणावर गाडी बंद पडली तर मागचा ट्रक अंगावर येतो, म्हणून प्रत्येक जण वळताना पाय दाबूनच ठेवतो. रिक्षावाला, टेम्पोवाला, मामा, सगळे. ती या गावाची सवय. गर्रर्र आवाज झाल्याशिवाय इथे कोणी कोपरा वळत नाही. आई गाडी शिकली ती ठाण्याला, एसटीतून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकडे. त्यांनी तिला बजावलं होतं, वळणावर पाय काढायचा, समोरून पोर धावत येतं. सगळ्या गावात ही एकच बाई नियमाने वळत होती, म्हणून गाडीचं दुखणं फक्त तिला दिसत होतं. आणि बोल तिलाच लागत होते. मला पुन्हा कागद ओढावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही काल्हेरच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेलो. तिथला मिस्त्री आझमगढकडचा. आधी बरीच वर्षं पावरलूमची दुरुस्ती करायचा, मग गाड्यांकडे वळला. तोंडात पान, आणि स्वतःबद्दल मत फार चांगलं.

"टीचर, ठाणे तक पूछ लो, गाडी मेरी आवाज़ पहचानती है."

त्याने ऐकलं, मान डोलावली आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. "कुछ नहीं, स्लो बढ़ा देता हूँ. खडी गाडी थोडा तेज़ चलेगी, बंद नहीं होगी. दो मिनट."

"नको," आई म्हणाली.

"क्यूँ?"

"गल्लीत मुलं खेळतात, उस्ताद. पाय काढल्यावर गाडी पुढे ओढायला लागली तर? आणि ताप आहे तो आहेच. त्याच्यावर चादर घालून काय होणार?"

मिस्त्रीने पान गालात सरकवलं. असं बोलणारं गिऱ्हाईक त्याला रोज मिळत नसावं. "अच्छा," तो म्हणाला, आणि या वेळी खरंच वाकला.

आईने त्याला अंगणातला प्रयोग करून दाखवला, दोन्ही पाय वर घेऊन. तो बॉनेटमध्ये डोकं घालून ऐकत राहिला. मग त्याने स्टिअरिंगच्या तेलाचा पंप दाखवला. त्यावर अंगठ्याएवढा एक पितळी तुकडा बसवलेला होता आणि त्यातून दोन वायरी निघत होत्या.

"ये सेन्सर है. स्टेरिंग पूरा घूमा कि पंप पे ज़ोर पडा. पंप को इंजन ही घुमाता है. तो ये इंजन के कंप्यूटर को बोलता है, भाई, बोझ आ रहा है, दम लगा."

"आणि हा बोलत नाही."

"बोलता नहीं, या उधर कोई सुनता नहीं. अभी देखते हैं."

त्याने वायरींची टोपी उपटली आणि तारेचा एक बारीक तुकडा वाकवून दोन्ही टोकं जोडली. इंजिन लगेच जरा वर चढलं, कुणीतरी हाक मारल्यावर मान उचलावी तसं. तार काढली, खाली आलं. जोडली, वर.

"कंप्यूटर सुनता है. वायर भी ज़िंदा है," मिस्त्री म्हणाला. "गूँगा ये है."

आईचे डोळे चमकले. "लूमला असतात ना ती बारीक लोखंडी बोटं? धागा तुटला की लूम थांबवतात?"

मिस्त्रीने तिच्याकडे वळून पाहिलं. "वही! वही चीज़ है, टीचर! वो बोलता है रुक जा, ये बोलता है रुकना मत." मग आपल्या शागिर्दाकडे नाही, रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांकडे बघत मोठ्याने म्हणाला, "देखो, टीचर लूम भी जानती है!"

दोघं मग बराच वेळ त्या पितळी तुकड्यावर बोलत राहिली, ती मराठीत, तो हिंदीत. मी तोपर्यंत पत्रकांत वाचलं होतं की ज्ञान आणि श्रम यांची फारकत झाली आहे. त्या बॉनेटखाली तरी ती झालेली दिसली नाही.

सेन्सर भिवंडीत मिळणारा नव्हता. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून मी स्वतः आणतो, रविवारी सकाळी बसवतो, असं मिस्त्री म्हणाला. रविवारी सकाळीच मामा येणार होता. आईने घरी बाबांना सांगून ठेवलं, दादा आला तर गॅरेजात पाठवा.

तो आला तेव्हा नवा सेन्सर वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला, बाकावर होता. मामा पांढऱ्या शर्टात, हात पुढे करूनच उतरला. "चावी दे."

"देते. आधी तू बस आत."

"कशाला?"

"तुझी गाडी आहे ना? बस."

तो बसला. आईने खिडकीशी वाकून सांगितलं, "न्यूट्रल कर. चालू कर. आता पाय काढ. दोन्ही, दादा. उजवा अजून आहे."

"अगं, सवय हाय मना."

"तेच. काढ. आता चाक फिरव. टोकापर्यंत."

इंजिन थरथरलं आणि मामाच्या हातात गप्प झालं. समोरच्या चहावाल्याने कपबश्या विसळायच्या थांबवल्या.

मामाने पुन्हा चावी फिरवली. पुन्हा चाक फिरवलं. पुन्हा मेलं.

"दादा," आई अगदी शांतपणे म्हणाली, "घरी जाऊन भाकऱ्या भाजतोस का?"

मिस्त्री इतका हसला की त्याला पान थुंकायला बाहेर जावं लागलं. मामाचे कान लाल झाले. पण एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. तो चिडून निघून गेला नाही. शर्टाच्या बाह्या वर करून उतरला आणि बॉनेटशी येऊन उभा राहिला. "दाखव," तो मिस्त्रीला म्हणाला.

मिस्त्रीने खाली पसरट डबा सरकवला, पान्याने जुना सेन्सर सोडवला. लालसर तेल डब्यात गळलं. नव्याला आधी हाताने चार आटे दिले. "पहले हाथ से," तो म्हणाला, "पाना लगाया और आटा टेढा बैठा तो पूरा पंप गया." मग पान्याने आवळला, टोपी बसवली, तेल भरलं. हवा निघून जावी म्हणून आईला चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायला सांगितलं. टाकीतले बुडबुडे आम्ही सगळे वाकून बघत होतो, मामासुद्धा.

"हो गया. शेठ, अब आप."

मामा बसला. पाय वर घेतले, या वेळी न सांगता. चाक टोकापर्यंत फिरवलं. इंजिन किंचित दबलं आणि आपलं आपण सावरलं. त्याने दुसऱ्या बाजूला फिरवलं. पुन्हा दबलं, पुन्हा सावरलं. तो फिरवतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा शेठ हळूहळू उतरत गेला आणि खाली आईचा भाऊ दिसायला लागला.

"बाय," तो आतूनच म्हणाला, "मी देली तवापासून हे असंच होतं का गं?"

"तुझ्याकडेही असेल. तुला कळलं नसेल."

तो उतरला. चावी त्याच्याच हातात होती. मी चावीकडे बघत होते. पत्रकाचं शेवटचं वाक्य मी अजून लिहिलं नव्हतं. मामाने चावी उलटसुलट केली, छल्ल्यात नख घातलं, बिल्ल्यासकट छल्ला काढून खिशात टाकला आणि मोकळी चावी आईच्या तळहातावर ठेवली.

"छल्ला माझा हाय," तो म्हणाला. "तो न्हाय देनार."

आईने पदर खोचला आणि आसपास बघितलं. मिस्त्रीच्या बाकावर हात पुसायला आणलेल्या लूमच्या सुताचा गुंता पडला होता. त्यातला एक लांब धागा तिने ओढला, चावीत ओवला आणि गाठ मारली.

सोमवारी संध्याकाळी राहनाळच्या वळणावर तिने पाय काढला. मागे टेम्पो होता, हॉर्न वाजवत होता. गाडी वळली, आणि आई उतरून फळ्यापाशी गेली. तो धागा पुढे तेलाने काळा पडला, तरी चावी त्यालाच राहिली.